पावणेचार किलोंची सॅक

ठाण्यातल्या कोलशेतहून सह्याद्री लांब नाही. पश्चिमेला येऊरचे डोंगर दिसतात, माजिवड्याला नाशिकचा महामार्ग लागतो आणि ठाणे स्टेशन गाठलं की कसारा, कर्जत, खोपोली या तिन्ही बाजूंच्या लोकल मिळतात. आसनगावला उतरून माहुली, वांगणी-बदलापूरकडून चंदेरी, कल्याणहून मुरबाडमार्गे नाणेघाट, गोरखगड, सिद्धगड, आणि कसाऱ्याहून जीप केली तर रतनगड, कळसूबाई, हरिश्चंद्रगड. गटाने गेलं तर प्रवासाचा खर्च एखाद्या सिनेमाच्या तिकिटाहून फारसा जास्त होत नाही. अडचण येते ती सामानापाशी.

शनिवारी रात्री भटकायची हौस असलेल्या पोरांचे दोन गट पडतात. एक गट कसारा लोकलमध्ये पाठीवर बारा-चौदा किलोंची, कुणाकडून तरी मागून आणलेली सॅक घेऊन निघालेला असतो. आत जीन्सच्या दोन पँट, घरची रजई, स्टीलची बाटली आणि गॅसचा डबा असतो. दुसरा गट घरीच राहतो, म्हणून तो दिसत नाही. त्या पोरांनी परदेशी व्हिडिओ पाहिलेले असतात, अर्ध्या किलोच्या तंबूला सहाशे डॉलरच्या वर मोजावे लागतात हे वाचलेलं असतं, आणि हलकी भटकंती आपल्या पगारात बसत नाही असा निष्कर्ष काढलेला असतो. मला या दुसऱ्या गटाबद्दल जास्त वाईट वाटतं. सह्याद्रीतल्या एक-दोन मुक्कामांच्या भटकंतीसाठी पावणेचार किलोंची सॅक, बूट धरून, पाच हजार रुपयांच्या आसपास उभी राहते. तिच्यातलं बरंचसं सामान ठाणे, भिवंडी, उल्हासनगर या पट्ट्यात मिळतं किंवा शिवून होतं. ते कसं, आणि कुठे थांबायचं, याचा हा आढावा आहे.

आधी मोजमाप ठरवून घेऊ. पाणी, अन्न आणि इंधन वगळून सॅकमध्ये जे उरतं त्याला 'बेस वेट' म्हणतात. जगभरातल्या भटक्यांमध्ये दहा पौंडांच्या, म्हणजे साधारण साडेचार किलोंच्या आतलं बेस वेट 'अल्ट्रालाइट' समजलं जातं. ही रेषा अमेरिकेतल्या लांब पायवाटांवर आखली गेली. रे जार्डीन या अंतराळ-उद्योगात काम केलेल्या इंजिनिअरने पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवरच्या चालीवर १९९२ साली पुस्तक काढलं आणि सॅकमधली प्रत्येक वस्तू वजन करून, प्रश्न विचारून ठेवायची पद्धत रूढ केली. या जार्डीनबद्दल एक गोष्ट हल्ली विसरली जाते. त्याने लोकांना महाग सामान घ्यायला सांगितलं नव्हतं, स्वतः शिवायला सांगितलं होतं. सॅक, पांघरूण, छत हे सगळं तो आणि त्याची बायको जेनी घरच्या शिलाई मशीनवर करत. महाग कापडं आणि त्यांची दुकानं नंतर आली.

त्याही आधी, १९५५ साली, एमा गेटवुड नावाची ६७ वर्षांची बाई अ‍ॅपलाचियन ट्रेल एकटीने, एका हंगामात चालली. वाट तीन हजार किलोमीटरहून जास्त. पायात कॅनव्हासचे साधे बूट, खांद्यावर तिने स्वतः डेनिमची शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. तंबू नव्हता, स्लीपिंग बॅगही नव्हती.

आपल्याकडे दोन उदाहरणं मला त्याहून जवळची वाटतात. १९३४ साली एरिक शिप्टन आणि बिल टिल्मन यांनी अंग थार्के, पासांग आणि कुसांग या तीन शेर्पांसह ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या अभयारण्यात वाट काढली. त्याआधीच्या मोहिमा वाट न सापडता परत आल्या होत्या. हे पाच जण मोजक्या सामानावर आणि साध्या शिध्यावर पोचले. दुसरं उदाहरण नर्मदा परिक्रमेचं. नर्मदा १३१२ किलोमीटर लांब आहे. दोन्ही काठ धरले की वाट अडीच हजारांच्या वर जाते, आणि परिक्रमावासी ती एका झोळीवर, काठीवर आणि कमंडलूवर चालतात. रात्रीचा आसरा आश्रमात किंवा धर्मशाळेत मिळतो, जेवण सदावर्तातून किंवा गावातून. गो. नी. दांडेकरांनी तरुणपणी ही वाट चालून पुढे 'कुणा एकाची भ्रमणगाथा' लिहिली, आणि जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हर हर'ने आताच्या पिढीतल्या कितीतरी मराठी माणसांना तिकडे नेलं. परिक्रमावासीची झोळी हलकी राहते, कारण वाटेवरची गावं त्याचा भार उचलतात. सह्याद्रीचा विचार करताना हेच सूत्र धरावं लागतं.

परदेशी याद्या इथे फसतात त्या याच कारणाने. त्या चार-पाच दिवस गाव न लागणाऱ्या वाटांसाठी केलेल्या असतात. आपल्याकडे दोन-चार तासांच्या चालीवर वाडी लागते. पाचनईत, रतनवाडीत, राजमाचीच्या उधेवाडीत, कळसूबाईच्या पायथ्याला बारीत घरगुती जेवण मिळतं आणि ओसरीवर झोपायला जागा मिळते. गडांवर कातळात खोदलेली टाकी आहेत, गुहा आहेत, देवळं आहेत. डिसेंबर ते फेब्रुवारीत पाऊस जवळजवळ नसतो. एवढं सगळं हाताशी असताना तंबू, स्टोव्ह, भांडी आणि तीन दिवसांचा शिधा पाठीवर वाहणं म्हणजे गावाने दिलेली सोय नाकारणं. गावात जेवलं की पैसे गावात राहतात. शनिवार-रविवारी गडावर पिठलं-भाकरी विकणाऱ्या घरांचं वर्षाचं गणित त्यावर चालतं, म्हणून तिथे घासाघीस करू नये असं माझं मत आहे. हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी गावातली पोरं तंबूही भाड्याने देतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मुक्कामाचे नियम वनखातं अधूनमधून बदलतं. त्यामुळे निघण्याआधी गावात फोन करून विचारलेलं बरं.

आता वजनाकडे येऊ. सर्वांत जड वस्तू पाणी आहे, आणि ती फुकट हलकी करता येते. एक लिटर म्हणजे एक किलो. माहुलीसारख्या डोंगरावर मार्चमध्ये तीन लिटर घ्यावंच लागतं, तिथे तडजोड नाही. पण ज्या वाटेवर पाणी आहे तिथे ते आधी माहीत करून घेतलं तर दोन किलो वाचतात. टाक्यातलं पाणी चौपदरी फडक्यातून गाळावं, क्लोरिनची गोळी टाकावी आणि अर्धा तास थांबावं. फेब्रुवारीनंतर बरीच टाकी आटतात, म्हणून पुस्तकावर विसंबू नये, गावकऱ्यांना विचारावं. बाटलीचंही वजन असतं. एक लिटरची स्टीलची थर्मास बाटली रिकामीच अर्ध्या किलोच्या आसपास भरते. पाण्याची किंवा सोड्याची रिकामी प्लॅस्टिक बाटली पंचवीस-तीस ग्रॅमची असते. दोन थर्मास बाटल्यांऐवजी अशा दोन बाटल्या घेतल्या की जवळजवळ एक किलो उतरलं, एक रुपया न घालवता. सोड्याची बाटली जाड असते आणि महिनोन्महिने टिकते. ती वापरावी, आणि परत आणावी.

पाण्यानंतर झोप. इथे थोडं थांबायला हवं, कारण पैसे वाया जातात ते बहुतेक इथेच. स्वस्त स्लीपिंग बॅग सव्वा ते दीड किलोची असते. घरची गोधडी किंवा सोलापुरी चादर ऊबदार खरी, पण ती जड आणि सॅकमध्ये निम्मी जागा खाणारी. जार्डीनने जे निरीक्षण केलं ते सोपं आहे: अंगाखाली दबलेला कापूस किंवा फायबर ऊब देत नाही, कारण त्यातली हवाच निघून जाते. मग स्लीपिंग बॅगचा खालचा अर्धा भाग कशाला वाहायचा? वर एक पांघरूण आणि खाली एक चटई पुरते. आपल्या घराघरांत वाकळ आणि गोधडी शिवणाऱ्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांचं कापड जुनं लुगडं असायचं, आपलं वेगळं असेल एवढाच फरक.

हे पांघरूण असं होतं. ड्रेसच्या आत लावतात ते टॅफेटाचं अस्तर घ्यावं. चौरस मीटरला ते साधारण साठ ग्रॅम भरतं. गादीवाल्याकडे किंवा जॅकेट शिवणाऱ्यांकडे फायबरची शीट मिळते, ती १२० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅमची, मागावी. दोन मीटर लांब आणि १.३ मीटर रुंद पांघरूणाचं क्षेत्रफळ २.६ चौरस मीटर होतं. अस्तराचे दोन थर मिळून ३१२ ग्रॅम, मधली शीट ३१२ ग्रॅम, दोरा आणि गळ्यापाशी आवळायची नाडी धरून साडेसहाशे. अस्तराचा पन्हा ४४ इंचांचा असेल तर मध्ये जोड द्यावा लागतो, ५८ इंचांचा मिळाला तर लागत नाही. शीट सरकू नये म्हणून फूट-फूटभर अंतराने टाके घालावेत, पण पूर्ण लांबीच्या शिवणी मारू नयेत, कारण शिवणीपाशी जाडी संपते आणि गार वारा तिथूनच शिरतो. पायाकडचा दीड फूट भाग पिशवीसारखा शिवून टाकला की रात्री पाय उघडे पडत नाहीत. ठाण्याच्या जांभळी नाक्याकडच्या बाजारात किंवा कल्याणला हे कापड सहज मिळतं, आणि शिवणाऱ्याला चित्र काढून दाखवलं की तासाभराचं काम आहे. साहित्य आणि शिलाई धरून सातशे-आठशे रुपये. जानेवारीत गडमाथ्यावर पारा दहाच्या खाली जातो तेव्हा त्यासोबत फ्लीसचं जॅकेट, माकडटोपी आणि मोजे घालून झोपावं. ते तर जवळ असतंच. एवढ्याने सह्याद्रीतली थंडी निभते.

खालची चटई याहून सोपी. टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगमध्ये जो पांढरा फोम येतो, ईपीई, त्याची एक सेंटीमीटर जाडीची शीट पॅकिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. दोन फूट रुंद आणि सहा फूट लांब तुकडा अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याच्या बंद पेशींत पाणी शिरत नाही, काटे घुसले तरी तो फुटत नाही. योगासनांची पीव्हीसीची चटई किलोभर भरते आणि उबेला यापेक्षा कमी पडते. फोमची तक्रार एकच: तो फुगीर असतो, सॅकमध्ये बसत नाही. त्यावर उपाय असा की तो गोल करून सॅकच्या आत भिंतीला लावून उभा करावा आणि सामान त्याच्या पोकळीत भरावं. मग हाड नसलेली साधी सॅकही पाठीला ताठ लागते. ही युक्ती जगभरचे हलके भटके वापरतात, आणि स्वस्त सॅकला तिने सर्वांत जास्त फायदा होतो.

सॅक शेवटी घ्यावी. बहुतेक जण ती आधी घेतात, साठ लिटरची, आणि मग ती भरतात. मोठ्या सॅकचं स्वतःचं वजन दीड-दोन किलो असतं, म्हणजे आपल्या एकूण मर्यादेचं जवळजवळ निम्मं. आत जायचं सामान आधी जमवावं, मोठ्या पिशवीत टाकून पाहावं, मग तेवढीच सॅक घ्यावी. वर दिलेल्या सामानाला तीस-पस्तीस लिटर पुरतात. पाणी आणि खाणं धरून एकूण भार सात किलोंच्या आत राहत असेल तर धातूची चौकट आणि जाड कमरपट्टा लागत नाही. कॉलेजची मजबूत शिवणीची, छातीवर पट्टा लावता येणारी सॅक चालते. पट्टा नसेल तर स्टेशनजवळचा बॅग दुरुस्त करणारा तो लावून देतो. डेकॅथलॉनच्या क्वेचुआ मालिकेतल्या साध्या सॅक हलक्या आणि किमतीला रास्त असतात, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ही कंपनी भारतात आल्यापासून नव्या भटक्याला फ्लीस, हेडलॅम्प आणि पाँचो यांसाठी गिर्यारोहणाच्या महाग दुकानात जावं लागत नाही. सॅकवर घालायच्या रेनकव्हरपेक्षा आत जाड प्लॅस्टिकची मोठी कचऱ्याची पिशवी अस्तर म्हणून लावलेली बरी. कव्हर वाऱ्याने उडतं, आणि पाठीकडून झिरपणारं पाणी ते अडवत नाही.

छताबद्दल मत देताना भटक्यांत दोन तट पडतात. मी तंबू न नेणाऱ्यांच्या बाजूचा आहे, निदान हिवाळ्यात आणि दोन मुक्कामांपर्यंत. गुहा, देऊळ, ओसरी यांपैकी काहीच मिळणार नाही अशी वाट असेल तर एक पातळ छत न्यावं. ताडपत्री जड पडते. १२० जीएसएमची अडीच बाय तीन मीटर ताडपत्री नऊशे ग्रॅम होते. त्याऐवजी पन्नास मायक्रॉन जाडीचं पॉलिथिन घेतलं तर तीन बाय तीन मीटरचं छत चारशे ग्रॅमच्या थोडं वर जातं आणि दीडशे-दोनशे रुपयांत येतं. कोपऱ्यात गोल खडा गुंडाळून त्याला बाहेरून सुतळी बांधली की भोक न पाडता ते ताणता येतं. दोन-तीन हंगामांनंतर ते फाटतं आणि कचरा होतं, हा त्याचा खरा दोष आहे. ज्याला टिकाऊ हवं त्याने दाट विणीचं पातळ पॉलिस्टर घ्यावं, त्यावर हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन सीलंट मिनरल टर्पेंटाईनमध्ये पातळ करून ब्रशने लावावं आणि गच्चीत उघड्यावर वाळवावं. पाणी धरतं. वास दोन दिवस जात नाही, आणि खोली बंद करून हे काम करू नये.

या सगळ्यात मला एका गोष्टीचं नवल वाटतं. कोलशेतच्या खाडीपलीकडे भिवंडी आहे, जिथे हजारो यंत्रमागांवर सुती आणि पॉलिस्टरचं कोरं कापड निघतं. कल्याणच्या पुढे उल्हासनगर आहे, जिथल्या गल्ल्यांत जीन्स आणि जॅकेट शिवणारे कारखाने, चेन, बकल, नायलॉनची पट्टी, इलॅस्टिक यांची दुकानं आहेत. मधोमध डोंबिवली, मुलुंड, ठाणे ही भटक्यांची जुनी गावं. मुलुंडचे चक्रम हायकर्स आहेत, महाराष्ट्रातल्या किल्ल्यांची माहिती वर्षानुवर्षं गोळा करणारी डोंबिवलीची ट्रेकक्षितिज संस्था आहे. कापड, कारागीर आणि गिऱ्हाईक तिघेही चाळीस किलोमीटरच्या आत असूनही सह्याद्रीच्या हवेसाठी बेतलेलं, हलकं, स्वस्त सामान करणारं एकही मोठं नाव इथून उभं राहिलेलं माझ्या नजरेत नाही. वाइल्डक्राफ्ट बंगळुरूची, क्वेचुआ फ्रान्सची. उल्हासनगरच्या कारागिराला पन्नास पांघरुणांची एकगठ्ठा मागणी मिळाली तर किंमत किती उतरेल, हे कुणीतरी करून पाहायला हवं.

बुटांवर मात्र पैसे वाचवू नयेत, किंवा वाचवायचे तर डोळसपणे. अमेरिकी लष्करासाठी १९६० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की पायांतल्या वजनाला पाठीवरच्या तेवढ्याच वजनाच्या चार ते सहा पट शक्ती लागते. दीड किलोचे कातडी बूट घालून सॅकमधले दोनशे ग्रॅम कमी करण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रातल्या भटक्यांनी हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला आहे. आधीच्या पिढीने लष्करी पद्धतीचे कॅनव्हासचे हंटर शूज वापरले, नंतर अ‍ॅक्शनचे 'ट्रेकिंग' बूट आले आणि कमी किमतीत ओल्या कातळावर पकड देणारे म्हणून नावाजले. इथे सोलचं रबर मऊ असणं महत्त्वाचं, वरची चकाकी नव्हे. वॉटरप्रूफ बुटांचा मोह सोडावा. आपल्या पावसात ओढा ओलांडताना पाणी वरून आत जातं आणि मग बाहेर येत नाही. जाळीचा किंवा कॅनव्हासचा बूट तेच पाणी चार पावलांत बाहेर टाकतो. झिजलेला सोल घालून पावसाळ्यात घाटवाटेला जाऊ नये, मग सॅक कितीही हलकी असो.

कपड्यांचं थोडक्यात. जीन्स घरी ठेवावी. कोरडी असतानाच ती सातशे-आठशे ग्रॅम भरते, भिजली की वाळत नाही आणि मांड्या सोलवटते. फुटबॉलची पॉलिस्टर जर्सी दीडशे ग्रॅमची, ट्रॅकपँट अडीचशेची. अंगावरचा एक जोड आणि झोपायचा एक जोड पुरतो. झोपायचा जोड पिशवीत कोरडा राहिलाच पाहिजे, ही पावसाळ्यातली एकच कडक शिस्त. छत्री गावातल्या वाटेवर उत्तम, माथ्यावरच्या वाऱ्यात निरुपयोगी. अडीचशे ग्रॅमचा पाँचो बरा, तो सॅकही झाकतो.

स्टोव्हचा प्रश्न अनेक जण वजनाच्या अंगाने सोडवतात: कोल्ड्रिंकच्या डब्याचा स्पिरिटचा स्टोव्ह, टायटेनियमचं भांडं. माझ्या मते लोकलने जाणाऱ्याने तो विचारच करू नये. रेल्वेत गॅसचा डबा, स्पिरिट, रॉकेल नेणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. भरलेल्या लोकलमध्ये असा डबा पेटला तर काय होईल हे सांगायची गरज नाही. जानेवारीनंतर सह्याद्रीतलं गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी अख्खा उतार जाळते, म्हणून शेकोटीही नको. एका मुक्कामाला चूल न पेटवता उत्तम खाता येतं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात, सुक्या खोबऱ्यात साडेसहाशेच्या आसपास, गुळात पावणेचारशेच्या पुढे. सफरचंदात जेमतेम पन्नास. शेंगदाणे, खोबरं, गूळ, चिक्की, चिवडा, तिळाचे लाडू हे वजनाला सर्वांत किफायती. धपाटे आणि दशम्या दोन दिवस टिकतात. पातळ पोहे गार पाण्यात भिजवून तिखट-मीठ आणि शेंगदाण्याचं कूट घातलं की दहा मिनिटांत न्याहारी होते. रात्रीची भाकरी गावात.

परदेशी याद्यांत जवळजवळ कधीच नसतो असा आणखी एक फायदा आपल्याकडे आहे. आपण एकटे जात नाही. चौघांत एक प्रथमोपचार पेटी, एक छत, एक चाकू, एक पॉवर बँक पुरते. निघण्याआधी फोनवर कोण काय आणणार हे ठरवलं तर माणशी अर्धा-पाऊण किलो उतरतो. जुन्या संस्थांच्या रेंज ट्रेकमध्ये भांडी आणि शिधा वाटून घ्यायची शिस्त असायची. हल्लीच्या गटांत प्रत्येक जण स्वतःपुरतं सगळं घेऊन येतो आणि चार वेळा तेच सामान गडावर चढतं.

काय कमी करू नये तेही स्पष्ट सांगतो. हेडलॅम्प प्रत्येकाकडे हवा, मोबाइलचा टॉर्च नव्हे, कारण उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात. क्रेप बँडेज, जंतुनाशक, ओआरएसची पाकिटं, मधमाशा किंवा गांधील चावल्यावर घ्यायची अ‍ॅलर्जीची गोळी, स्वतःची नेहमीची औषधं आणि शिट्टी हे मिळून दोनशे ग्रॅम होतं. ते असायलाच हवं. उन्हाळ्यात पाणी कमी नेऊन कुणी हलकं चालत असेल तर ते धोक्याचं आहे. आणि ही सॅक हिमालयाला चालत नाही. तिथली थंडी, वारा आणि उंची यांसाठी चांगली स्लीपिंग बॅग आणि जाड जॅकेट लागतं. ते विकत घेण्याआधी भाड्याने घ्यावं. यूथ होस्टेल्सच्या शिबिरांत तंबू आणि जेवण मिळतंच, तेव्हा तिथेही सगळं स्वतः वाहावं लागत नाही.

आता बेरीज. सॅक ६०० ग्रॅम, पांघरूण ६५०, फोम २५०, छत ४००, फ्लीस ३५०, जादा कपडे ४००, पाँचो २५०, हेडलॅम्प ९०, प्रथमोपचार २००, दोन बाटल्या ६०, पॉवर बँक २००, टोपी-मोजे-साबण-चार्जर वगैरे २००. एकूण ३६५० ग्रॅम. खर्च: सॅकला हजार, पांघरुणाला आठशे, फोम आणि पॉलिथिनला साडेतीनशे, फ्लीसला सहाशे, पाँचोला चारशे, हेडलॅम्पला पाचशे, औषधांना अडीचशे, असे साधारण ३९००. बुटांचे हजार-बाराशे वेगळे. बाजारभाव बदलतात, घरात असलेलं बरंच वजा होतं, आणि सगळं एका महिन्यात घ्यायची गरज नाही. क्रम विचाराल तर आधी बूट, मग हेडलॅम्प, मग पांघरूण आणि फोम, सॅक सर्वांत शेवटी.

ठाणे-डोंबिवलीतल्या संस्थांना एक विनंती आहे. पावसाळ्याआधीच्या एखाद्या बैठकीत वजनकाटा ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येकाची सॅक उघडून वस्तूगणिक तोला. एखादा शिवणकाम जाणणारा सभासद बोलवा, अस्तर आणि फायबर एकत्र मागवा, आणि दहा-बारा पांघरुणं व फोमच्या चटया संस्थेच्या कपाटात नव्या मुलांना उसन्या द्यायला ठेवा. कोलशेतच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोराला पहिल्या गडावर जायला त्याहून जास्त काही लागत नाही.